चिखलाचा मान

थित फुआंग मठातून बाहेर पडला तेव्हा त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे नावाआधीचं 'थित' हे बिरूद, कारण तो तीन पावसाळे भिक्खू होता. आणि दुसरी, अग्निबाण बनवण्याची विद्या. ही विद्या बुद्धाने शिकवलेल्यांपैकी नव्हे. पण बान नाखाम गावात ती मठाच्या आवारातच शिकवली जायची, आणि गावातल्या बऱ्याच जणांच्या मते बाकीच्या विद्यांपेक्षा नीट शिकवली जायची.

तिथल्या पंचांगाच्या सहाव्या महिन्यात, भाताची रोपं टाकायच्या आधी, गाव आभाळातल्या फाया थेन देवाला आठवण करून देतं, की खाली माणसं आहेत आणि त्यांना पाणी लागतं. ही आठवण बांबूच्या नळीत स्फोटक दारू ठासून वर पाठवायची. बाण गेला तर करणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायचं. फुसका निघाला तर हातपाय धरून चिखलात फेकायचं. देवाकडे बोट दाखवायची सोय नाही, चूक कारागिराचीच.

शेहेचाळीस वर्षांत थित फुआंग एकतीस वेळा खांद्यावर चढला आणि पंधरा वेळा चिखलात गेला. बोलायचा तो या पंधरांबद्दलच. ज्याचा बाण वर जातो, त्याला आपलं काय बरोबर होतं हे कधीच कळत नाही, असं त्याचं मत होतं. इतर गावं प्लास्टिकच्या नळ्यांवर आली तरी तो बांबूच वापरी, आणि बांबू निवडायला दोन दिवस रानात राही. लग्न ठरवताना त्याने एक दुपारसुद्धा घेतली नव्हती, हे त्याची बायको चान्थी सगळ्यांना सांगे.

यंदा तो बहात्तर वर्षांचा होता आणि त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. उत्सवाच्या आदल्या सकाळी त्याचा भाचा विलायसाक, जो गावचा प्रमुखही होता, पायऱ्या चढून वर आला. चिकट भाताची टोपली मध्ये ठेवून मामा-मामी जेवत होते. दोन घास खाऊन त्याने विषय काढला.

"मामा, बैठकीत एक ठरलंय. सत्तरीच्या वरच्यांना चिखल माफ."

"सत्तरीच्या वरचे बाणवाले गावात किती?"

"तसे... तुम्ही एकटेच."

"मग सरळ माझं नाव घे की! नियम कसला करतोस?"

"गुडघ्यासाठी म्हणून, मामा."

"माझा गुडघा बनवतो का रे बाण? उद्या म्हणशील, मामा, तुम्ही सावलीत बसा, आम्ही टाळ्या वाजवतो."

विलायसाकने मामीकडे पाहिलं. चान्थी शांतपणे भाताचा गोळा वळत होती.

"त्याच्याकडे काय डोळे वटारतोस, म्हाताऱ्या?" ती नवऱ्याला म्हणाली. "मीच सांगितलं त्याला. गुडघा शेकायला गाव येतं का?"

थित फुआंगने हात धुतले आणि तो बाणापाशी जाऊन बसला. ज्याला फेकत नाहीत, त्याच्या बाणाची कोणी वाटही बघत नाही, हे त्या दोघांना समजावणार कोण?

दुसऱ्या दिवशी मचाणावर त्याचा बाण चढला. वात पेटली. बाण फुरफुरला, थरथरला, बुडाशी फाटला आणि जागच्या जागी जळून गेला. पांढरा धूर तेवढा थाटात वर गेला.

खेन, म्हणजे बांबूच्या नळ्यांचा बाजा, वाजवणारे थांबले. फेकणाऱ्या पोरांनी प्रमुखाकडे पाहिलं, प्रमुखाने स्वतःच्या चपलांकडे. मग कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. कोणी तांदळाच्या दारूचा पेला पुढे केला. एक भला माणूस म्हणाला, "धूर मात्र छान झाला हं, काका."

शेहेचाळीस वर्षांत थित फुआंगच्या धुराची कोणी तारीफ केली नव्हती. तो खुर्चीपाशी उभाच राहिला.

चान्थी बायकांतून उठली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि आपल्या लुंगीचा काठ झटकला.

"काय रे, बाण फुसका निघाला ना त्याचा?"

"निघाला, मामी," विलायसाक पुटपुटला.

"मग दुपारभर असेच उभे राहणार का? उचला. उजवा गुडघा तेवढा सांभाळा."

पोरं धावलीच. खेन पुन्हा वाजू लागला. चौघांनी त्याला शेताच्या बांधावर नेलं, दोन झोके दिले आणि सोडलं. तो अर्धा बुडाला, वर आला, तोंडातला चिखल थुंकला आणि ओरडला, "याला फेकणं म्हणतात? अशी तर अंडी ठेवतात! पुन्हा!"

"एवढंच मिळेल," बांधावरून चान्थी म्हणाली. "शेक मलाच द्यायचाय."

त्यावर त्याने वाद घातला नाही. जळकी नळी मागवली, चिखलात बसल्या बसल्या मांडीवर घेतली आणि फाटलेल्या पेरात बोट घातलं. "हे बघा, इथे. मी घाई केली. बांबू अजून महिनाभर वाळायला हवा होता." फेकणारी चारही पोरं बघायला खाली उतरली. विलायसाकने पायातल्या चपला बांधावर ठेवल्या आणि तोही त्यांच्या मागे चिखलात शिरला.