फोन कुणाचा होता

आमच्या भाऊजींना फोनचा राग होता असं लोक म्हणायचे, पण ते खरं नाही. त्यांना राग होता तो फोनवर ओरडणाऱ्यांचा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. शाळेची व्हॅन चालवायचे. सकाळी पोरांचा कलकलाट, दुपारी पोरांचा कलकलाट, त्यामुळे मधल्या वेळात त्यांना जरा शांतता लागायची, आणि ती हल्ली कुठेच मिळत नाही. एकदा त्यांची दाढ काढायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर दातांच्या दवाखान्यात बसले होते. समोर एक गृहस्थ फोन स्पीकरवर टाकून जावयाच्या नावानं बोटं मोडत होते. जावई उशिरा उठतो, जावई एक नोकरी धड टिकवत नाही, जावयाच्या आईलाही काही वाटत नाही, सगळं अगदी साग्रसंगीत. भाऊजी सुजलेला गाल धरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमची बाजू आम्हा सगळ्यांना पटली. आता जावयालाही लाइनवर घ्या, म्हणजे निकाल देता येईल." अख्खी खोली हसली. ते गृहस्थ फोन घेऊन बाहेर गेले, ते त्यांचा नंबर पुकारला तरी आत आले नाहीत.

स्वतः भाऊजी घरीसुद्धा फोन आला की उठून जिन्यात जायचे आणि दोन वाक्यांत आटपायचे. ताई चिडवायची, "अहो, शब्दामागे पैसे पडतात का? माणसाला वाटतं, घरात कुणी आजारी आहे."

गाडीत तर फोनला थाराच नव्हता. त्यांच्या सीटखाली बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असायचा. किल्ली फिरवण्याआधी फोन त्या डब्यात जायचा. "फोन काय करतोय?" असं ते मोठ्यानं विचारायचे आणि सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "झोपलाय!" त्यात सगळ्यात चढा आवाज खारूताईचा. खारूताई म्हणजे त्यांच्या मागच्या खिडकीशी बसणारी, पहिलीतली एक चुणचुणीत पोर. खिशातून शेंगदाणे काढून सारखी कुरतडत असायची, म्हणून भाऊजींनी ठेवलेलं ते नाव. पुढे तिच्या घरचेही तिला तसंच हाक मारायला लागले.

पालकांना मात्र हे झोपलेल्या फोनचं प्रकरण पटेना. त्यांचा फोनवर ग्रुप होता आणि गाडी जरा कुठे अडकली की त्यावर मेसेजचा पाऊस. "कुठे आलात, काका?" अरे, गाडी रस्त्यावर आहे, रस्त्यावरचा माणूस येतच असतो, याहून वेगळं उत्तर काय असणार आहे? पण तो प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या जिवाला चैन नव्हतं. खारूताईच्या आईचं तेवढं मी समजू शकते. ती नर्स होती. दुपारी पोरीला खाली उतरवून घ्यायचं, आजीच्या हवाली करायचं आणि धावतपळत ड्यूटी गाठायची. व्हॅनला उशीर झाला की तिची बस चुकायची आणि मोठ्या सिस्टरची बोलणी खावी लागायची. बाकीच्यांना नुसती सवय होती.

शेवटी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. "आमची मुलं तुमच्या ताब्यात आणि तुम्ही फोन उचलत नाही, हा कुठला बेजबाबदारपणा?" असं एका वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं. तो शब्द भाऊजींच्या फार जिव्हारी लागला. "जबाबदारी आहे म्हणूनच उचलत नाही हो," ते म्हणाले. कुणी ऐकून घेतलं नाही. बघता बघता काही मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये गेली. त्या व्हॅनचा ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरायचा आणि दुसऱ्या हातानं फोन, पण पहिल्या रिंगला उचलायचा, त्यामुळे सगळ्यांचा लाडका. तेव्हा ताईच भाऊजींना म्हणाली, "अहो, सगळं जग एकीकडे आणि तुम्ही एकटे एकीकडे. नुसतं 'आलोच' म्हणायला कितीसा वेळ लागतो?"

ते तिचं वाक्य ती अजून उगाळत बसते.

फोन डब्यातून निघाला आणि काचेजवळच्या स्टँडवर जाऊन बसला. आधी फोन आला की भाऊजी गाडी कडेला घेऊन बोलायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, कडेला जागा नसायची. मग गाडी हळू करून बोलायला लागले. मग नुसतंच बोलायला लागले. पोरांचं "झोपलाय!" आपोआप बंद पडलं. पालक खूश होते. ग्रुपवर कुणीतरी शाबासकीचा अंगठाही टाकला, "काका सुधारले" म्हणून.

त्या दुपारी शाळा उशिरा सुटली होती. एका वळणापुढे लोखंडी पत्रे भरलेला टेम्पो बंद पडून उभा होता. फोन वाजला, भाऊजींनी उचलला, "आलोच" म्हणाले, आणि समोर बघितलं तेव्हा उशीर झाला होता. गाडी तिरकी फिरली. टेम्पोबाहेर आलेले पत्रे खारूताईच्या खिडकीतून आत आले. बाकीच्या मुलांना खरचटलं. भाऊजींचं मनगट मोडलं. खारूताई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली.

ताई आणि मी धापा टाकत तिथे पोचलो तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते, हाताला पट्टी, शर्टावर रक्त. ते त्यांचं नव्हतं. तिथल्या माणसानं त्यांचं पाकीट आणि फोन आणून ताईच्या हातात ठेवला. काच तडकली होती, पण चालू होता. ताईनं तो उघडून बघितला आणि माझ्यासमोर धरला. शेवटचा फोन 'खारूताई आई' असा होता. त्या दुपारी ताईनं भाऊजींना फोन केलाच नव्हता.

एवढ्यात खारूताईची आई आली. ड्यूटीला निघायच्या तयारीत होती, तशीच, पांढऱ्या गणवेशात. हातात फोन. ती रडत नव्हती. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. त्यानं सरळ भाऊजींची कॉलर धरली. "पोरं सांगतायत, तू फोनवर होतास! कुणाशी बोलत होतास? बोल! कुणाचा फोन होता?"

भाऊजींनी वर बघितलं. त्याच्याकडे नाही, मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं आणि ती फोन छातीशी धरून उभी होती. भाऊजींनी मान खाली घातली.

"बायकोचा," ते म्हणाले. "घरून फोन होता."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. ताईनं तो फोन हळूच पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळून धरलं.

पोलिसांपुढे आणि नंतर कोर्टात भाऊजींनी सगळं कबूल केलं. वकील नको म्हणाले. फोनवर बोलत होतो, चूक माझी, एवढंच. फोन कुणाचा होता याच्याशी कोर्टाला देणंघेणं नव्हतं. गल्लीला होतं. कोर्टानं भाऊजींना शिक्षा सुनावली आणि गल्लीनं ताईला. दुकानात ती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या आणि ती वळली की सुरू व्हायच्या, "हीच ती. हिनंच फोन केला होता." समोरची एक बाई तर ताई दिसली की मुद्दाम फोन कानाला लावून म्हणायची, "अगं, ते गाडी चालवत असतील, नंतर करते हं!" पालकांच्या त्या ग्रुपवर उपदेशांचा पूर आला: चालकाला फोन करू नका, घरच्यांनी तारतम्य बाळगावं. लिहिणारे कोण? तेच, दिवसातून दहादा "कुठे आलात" विचारणारे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणायची, "ताई, फोन दाखव ना सगळ्यांना! एकदा दाखव आणि मोकळी हो." ताई नुसती मान हलवायची. पुढे तर तिनं त्या फोनमधली नोंदच पुसून टाकली.

ती कपडे दुरुस्त करून द्यायची, चेन बसवणं, उंची कमी करणं, उसवलेलं शिवणं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

ताई तुरुंगात भाऊजींना भेटायला गेली तेव्हा मीही बरोबर होते. फोन बाहेर जमा करावे लागतात, त्यामुळे तिथे मात्र शांतता होती, भाऊजींना आवडावी अशी. जाळीपलीकडे ते निम्मे झाले होते. ताईनं आधी मनगट विचारलं, जेवण विचारलं. मग म्हणाली, "माझं नाव का घेतलंत?"

"तिचं तोंड बघितलं होतंस ना?" भाऊजी म्हणाले. "तिचाच फोन होता हे तिला कळलं असतं तर ती जगली नसती गं."

"आणि मी?"

भाऊजी जाळीला कपाळ टेकून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ताईही रडली. मी रडले नाही, मला संताप आला होता. भाऊजींसारखा भला माणूस मी बघितलेला नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण माणसानं उदार व्हावं ते स्वतःच्या जिवावर. त्यांनी बायकोची अब्रू काढून परक्या बाईच्या अंगावर पांघरली, आणि जिची होती तिला साधं विचारलंही नाही. येताना बसमध्ये मी हे सगळं ताईला बोलून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, तेच मला कळत नाही. विचारलं नाही, हे मात्र खुपतं."

त्यानंतर एका रविवारी सकाळी दार वाजलं. मी ताईकडेच होते, चहा टाकत होते. ताईनं मशीनवरून उठून दार उघडलं, तर खारूताईची आई. एकटीच. किती वाळली होती! डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ताईनं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तिनं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"काकू, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. खरं सांगा, तुम्हाला तुमच्या नवऱ्याची शपथ आहे. त्या दिवशी मीही काकांना फोन केला होता. त्यांनी उचलला, 'आलोच' म्हणाले आणि कट झाला. मला वाटलं, रेंज गेली. मी खाली जाऊन उभी राहिले. किती वेळ उभी होते मी, काकू. वाट बघत." तिनं पेला दोन्ही हातांत धरला. "घरात हे कुणाला सांगितलं नाही. मला झोप लागत नाही. गोळ्या घेऊनही लागत नाही. दुसऱ्यांच्या मुलांना इंजेक्शन देताना हात कापतो माझा. तुम्ही खरंच फोन केला होता का?"

मी आत ओट्याशी उभी होते. मनात म्हणत होते, बोल ताई, नाही म्हण. एका शब्दानं तुझी मान वर होईल. ही बाई स्वतः चालत आली आहे, तू काही तिच्या दारात गेली नव्हतीस. नाही म्हण.

ताईनं तिच्याकडे नीट बघितलं.

"हो," ती म्हणाली. "तुमचा कट झाला आणि लगेच माझा लागला. तुमच्याशी आत्ताच बोललो असं म्हणालेही ते मला. ठेवते म्हणायचं सोडून मीच बोलत बसले."

"काय बोलत होतात?"

ताईनं इकडेतिकडे बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नाही. "साबण संपला होता," ती म्हणाली. "येताना आणा म्हणून सांगत होते."

"साबण?"

"हो."

त्या बाईच्या हातातला पेला हिंदकळला. तिनं तो खाली ठेवला आणि ती रडायला लागली, पोटातून, मोठ्यानं, इतक्या महिन्यांचं एकदम. ताई खांद्यावर हात ठेवायला गेली तशी ती झटक्यानं उठली. मघाशी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. आता तिथे राग होता, आणि त्या रागानं ती ताठ उभी राहिली होती.

"साबणासाठी माझी पोर घेतलीत," ती म्हणाली. "तुमचं कधी भलं होणार नाही, काकू. कधी म्हणजे कधी होणार नाही."

"सावकाश जा," ताई म्हणाली. "जिन्याची शेवटची पायरी तुटली आहे."

तिची पावलं खाली जाईपर्यंत ताई दारात उभी होती. मग दार लावून मशीनवर येऊन बसली. मी तोंडाला येईल ते बोलले तिला. शपथ घातली होती तिनं, नवऱ्याची शपथ, काही कळतं का तुला? आता सगळ्या गल्लीत साबणाची कहाणी होईल. जन्मभर पुसली जाणार नाही.

"होऊ दे," ताई म्हणाली. "मला विचारलं ना तिनं." आणि मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या भोकात जाईना. शेवटी तिनं तो माझ्यापुढे धरला, आणि मी ओवून दिला.