उभं राहण्याची नोकरी

आदेरितो फाल्कातोला रुमालाची भीती वाटायची. फ्रेशियाल गावात कुत्र्यांना भिणारी माणसं होती, विजेला भिणारी होती, आणि गाव त्यांना सांभाळून घ्यायचं. पण साठी ओलांडलेल्या, भरदार आवाजाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने बायको रुमालांना इस्त्री करायला लागली की उठून दुसऱ्या खोलीत जावं, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

भीतीला कारण होतं. संघ हरला की प्रेक्षक प्रशिक्षकाला शिव्या देतात. ती रोजची विचारपूस झाली, तिचं कुणी मनाला लावून घेत नाही. ज्या दिवशी शिव्या थांबतात आणि प्रेक्षक खिशातून पांढरे रुमाल काढून हलवायला लागतात, त्या दिवशी प्रशिक्षकाने घरी जाऊन बॅग भरायची. निरोप इतका सभ्य असतो की त्यावर वाद घालायची सोय नसते. आदेरितोला असे निरोप पोर्तुगालच्या चारी टोकांकडून मिळाले होते. समुद्रकाठच्या एका गावात तर वारा असा सुटला होता की कितीतरी रुमाल उडून मैदानात आले, आणि रेफ्रीने खेळ थांबवून ते त्यालाच वेचायला लावले.

गंमत अशी की यातला एकही पराभव त्याचा नव्हता.

तरुणपणी तो बचावपटू होता. गुडघा गेला तेव्हा त्याने प्रशिक्षकाच्या परीक्षा द्यायला घेतल्या आणि चिकाटीने सगळ्यात वरचा परवाना मिळवला. मग तो फोनची वाट बघत बसला. फोन आला, तो एका क्लबच्या अध्यक्षांचा. "प्रशिक्षक आमच्याकडे आहे," अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहे. फक्त परवाना नाही." वरच्या विभागांत परवाना नसलेल्याला मुख्य प्रशिक्षक होता येत नाही. म्हणून कागदावर मुख्य प्रशिक्षक आदेरितो आणि मदतनीस तो हुशार माणूस, अशी व्यवस्था ठरली. सराव तो हुशार माणूस घ्यायचा, संघ तोच निवडायचा. सामन्याच्या दिवशी मात्र मैदानाच्या कडेला आखलेल्या चौकटीत उभं राहून ओरडायचा अधिकार फक्त मुख्य प्रशिक्षकाला. तेव्हा हुशार माणूस मागच्या बाकावर बसून तोंडापुढे हात धरून बोलायचा, आणि आदेरितो तेच मोठ्याने ओरडायचा.

थोडक्यात, त्याची नोकरी उभं राहण्याची होती. ती त्याने इतकी चोख केली की एका क्लबातून दुसऱ्या क्लबात त्याचं नाव आपोआप पोचत गेलं. हे खेळाडूंना ठाऊक होतं, वार्ताहरांना ठाऊक होतं, रेफ्रीही त्याच्याकडे बघून डोळे मिचकवायचे. संघ जिंकला की वर्तमानपत्रात बाकावरच्या माणसाचा फोटो यायचा. खेळाडू त्या माणसाला 'मिस्टर' म्हणायचे, पोर्तुगालमध्ये प्रशिक्षकाला म्हणतात तसं, आणि आदेरितोला 'सिन्योर आदेरितो', पोस्टमनला म्हणावं तसं. संघ हरला की मात्र रुमाल उभ्या माणसाला. बाकावर छप्पर असतं. छपराला रुमाल हलवून काय मिळणार?

हे सोसायचा त्याचा एकच उपाय होता: गाडी. बायको देओलिंदा गाडी चालवायची, तो शेजारी बसायचा, आणि जिल्हा ओलांडला की त्याला भूक लागायची. पुढच्या गावाला मागच्या गावाचं काही ठाऊक नसे.

मग फ्रेशियालचा संघ, त्याच्या जन्मगावचा संघ, पहिल्यांदाच दुसऱ्या विभागात चढला. प्रशिक्षक बेर्नार्दो व्हिल्येना, पस्तिशीही न गाठलेला, विद्यापीठात शिकलेला, परवाना नसलेला. साहजिकच फोन आदेरितोला आला. देओलिंदाला कोण आनंद झाला. तिच्या आईचं घर होतं, मागे लिंबाचं झाड होतं, दोन गल्ल्या सोडून बहीण होती. "पुरे झाली भटकंती," ती म्हणाली. त्याने हो म्हटलं आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. इथून गाडी काढून जायचं कुठे?

मोसमाचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तर संघ विभागात टिकणार, हरला तर खाली घसरणार. त्या दिवशी सकाळी देओलिंदाला सडकून सर्दी झाली होती. तिने पर्समध्ये रुमाल टाकला, आणि तो नेमका आदेरितोने पाहिला.

"तू घरी राहा," तो म्हणाला. "अंगात कणकण आहे तुझ्या."

"तुझ्या शेवटच्या सामन्याला घरी राहू?"

"शेवटचा म्हणू नकोस."

"मोसमाचा शेवटचा रे." ती शिंकली. "इतकं काय त्या रुमालाचं? फातिमाच्या यात्रेत लाखो माणसं देवमातेच्या मूर्तीला रुमाल हलवून निरोप देतात. गेली का ती कुठे?"

"तिला मागच्या बाकावरून कुणी सूचना देत नाही."

वाटेत तो आनिसेतोच्या कॅफेत कॉफीला थांबला. आनिसेतो त्याच्याबरोबर शाळेत होता. तेव्हापासून त्याने आदेरितोला सुखाने कॉफी पिऊ दिली नव्हती.

"काय ठरलंय आज त्या शिकलेल्या पोराचं?" त्याने विचारलं.

"त्यालाच विचार."

"त्यालाच विचारणार होतो. तुला नुसतं कॉफी थंड होऊ नये म्हणून विचारलं." मग काउंटर पुसत तो म्हणाला, "हरलात तर बघ हं. माझ्या बापाने या क्लबाचं कुंपण घातलंय."

आदेरितोने अर्धी कॉफी तशीच सोडली.

सामना बरोबरीत चालला, एक-एक. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना मागून बेर्नार्दोचा दबका आवाज आला. "सिन्योर आदेरितो, झेफेरिनोला काढा. पाय उचलत नाहीत त्याचे."

झेफेरिनो कर्णधार होता, बेकरीवाल्या मारिलियाचा मुलगा, वयाने खेळाडूंत सगळ्यात मोठा. अख्ख्या स्टेडियमने लहानपणी त्याच्या आईच्या हातचा पाव खाल्ला होता. झेफेरिनो दमला होता हे त्यालाही दिसत होतं. पण कॉर्नर आला की बचावफळी त्याच्याकडेच बघते, हेही दिसत होतं. आणि त्याला काढलं तर लोक काय करतील, हे तर आत्तापासूनच दिसायला लागलं होतं. या तीन गोष्टींतली कुठली त्याच्या मनात वरचढ ठरली, ते त्याला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

चौथा पंच खेळाडू बदलायची पाटी घेऊन आला. नियमाप्रमाणे त्याने आदेरितोला विचारलं, "कोण बाहेर?"

आदेरितोने मागे पाहिलं नाही. "कुणी नाही," तो म्हणाला.

मग बेर्नार्दो तोंडावरचा हात काढून म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग?"

"राहू दे त्याला."

इतकी वर्षं तो या चौकटीत उभा राहिला होता, पण उभं राहायला इतकी ताकद लागते हे त्याला आज कळत होतं. एक कॉर्नर आला. झेफेरिनोने तो डोक्याने बाहेर काढला, आणि आदेरितोच्या जिवात जीव आला. तो फार काळ राहिला नाही. पाहुण्यांचा एक चपळ पोरगा चेंडू घेऊन निघाला, झेफेरिनो वळला, पण वळायला त्याने इतका वेळ घेतला की वळून झाल्यावर त्याला गोलच बघायला मिळाला.

सामना संपण्याआधीच शिव्या थांबल्या.

पहिला रुमाल उजवीकडे हलला, मग मधे, मग सगळीकडे. ज्यांच्याकडे रुमाल नव्हते त्यांनी कागदी हातपुसणी काढली. आनिसेतो उभा राहून कॅफेतलं भांडी पुसायचं फडकं हलवत होता, तेही धुतलेलं. आदेरितोच्या नजरेने तिसऱ्या रांगेतली देओलिंदा शोधली. आजूबाजूचे सगळे उभे होते; ती बसली होती. नाक लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकातूनही. पर्स मांडीवर होती, मिटलेली, आणि तिने ती डाव्या हाताने घट्ट दाबून धरली होती. उजव्या हाताच्या बाहीने, लग्नकार्यालाच बाहेर काढायच्या त्या किरमिजी कोटाच्या बाहीने, ती नाक पुसत होती. पुन्हा पुन्हा, चारचौघांसमोर.

आत गेल्यावर बेर्नार्दो अध्यक्षांना म्हणाला, "मी काढायला सांगितलं होतं."

अध्यक्षांनी आदेरितोकडे पाहिलं. या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर त्याच्याजवळ कधीपासून तयार होतं: सांगतील तसं मी ओरडतो.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी काढलं नाही."

पुढचे काही दिवस तो घराबाहेर पडला नाही. लिंबाच्या झाडाला इतकं पाणी मिळालं की पानं पिवळी पडायला लागली. बेर्नार्दो उत्तरेच्या एका क्लबात गेला. त्याला तिथे दुसरा परवानेवाला मिळाला. आदेरितोने एका संध्याकाळी गाडीतलं तेल तपासलं. देओलिंदा दारात उभी राहून बघत होती.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. बघत होतो."

"मग पाव घेऊन ये," ती म्हणाली. "चालत जा."

बेकरीत मारिलियाने पाव कागदात गुंडाळला आणि पुडी हातात धरूनच ठेवली. "माझ्या पोराचा गुडघा सुजलाय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नव्हतं? तुमचापण गुडघाच गेला होता ना?"

तिने पुडी दिली, ती घेऊन तो निघाला. कॅफेवरून जाताना त्याने मान खाली घातली, पण दार उघडं होतं आणि आनिसेतोची नजर घारीसारखी.

"काय हो मिस्टर," आतून आवाज आला, "झेफेरिनोला का नाही काढलंत?"

आदेरितोने वळून मागे पाहिलं. बेर्नार्दो परत आला की काय? रस्त्यावर कुणी नव्हतं. कॅफेतली सगळी टाळकी त्याच्याकडेच बघत होती, रागाने, आणि उत्तर ऐकल्याशिवाय घरी जाणार नाहीत अशा बेताने.

तो आत आला. पाव टेबलावर ठेवून त्याने खुर्ची ओढली. त्याने साखरेच्या पुड्यांची बशी पुढे ओढली आणि चार पुड्या ओळीने मांडल्या.

"ही आपली बचावफळी," तो म्हणाला.

"तो झेफेरिनो चुकीच्या जागी ठेवलायस," आनिसेतो म्हणाला, आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली.