टीचरांची वही

"चालेल म्हणून नको सांगूं. चालवून दाखीव."

हे वाक्य टीचर काउंटरवर तळहात आपटून म्हणायच्या. आपटून म्हणजे रागानं नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी बहिऱ्या मुलांना शिकवलं होतं. त्या मुलांना हाक ऐकू येत नाही, पण बाकावर हात मारला की हादरा कळतो. त्यामुळे हादरा दिल्याशिवाय समोरच्याला काही समजत नाही, अशी टीचरांची ठाम समजूत झाली होती. माझ्या बाबतीत ती फारशी चुकीची नव्हती.

मी मूळचा बार्शीचा. तंजावुरात लॅपटॉपच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागलो, तेव्हा मला तमिळ म्हणजे जेवण आणि पाणी मागण्यापुरतं यायचं. मालकांना इथे मुदलाळी म्हणतात, तेवढा एक शब्द मी लवकर शिकलो. एक दिवस मी फोनवर आईशी बोलत होतो. काउंटरपलीकडे सुती साडीतल्या, केसांत मोगरा माळलेल्या एक बाई पिवळी कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. माझा फोन संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तूं आमच्यांतला काय रे, तंबी? कोठून आलास?"

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. इथे रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळेच तंबी असतात. पण बाकीची मराठी ऐकून मी चाटच पडलो. यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. भाषा मात्र घरात टिकली. आमच्या घरी पणजोबांची काही पत्रं आहेत, ती कुणी तमिळ चालीवर मोठ्यानं वाचावीत, तशी टीचरांची मराठी होती. मला ती इतकी गोड वाटली की त्या दिवशी त्यांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मी "चालेल, टीचर" म्हणून मोकळा झालो. ती माझी पहिली चूक.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेला एक वापरलेला लॅपटॉप भेट दिला होता. तो मुलगा आता चेन्नईत मोठ्या कंपनीत होता, आणि कंपनीनं जुने लॅपटॉप काढले तेव्हा त्यानं एक मागून घेतला होता. साहेब लोक विमानात मांडीवर घेऊन बसतात तसला, काळा, पातळ, वहीएवढा हलका. टीचरांना त्याचा अभिमान होता आणि संशयही होता. एवढ्या पातळ वस्तूच्या पोटात काय मावणार, असं त्यांना वाटायचं.

त्यांचे प्रश्न एका वहीत लिहिलेले असायचे. वही तमिळ अक्षरांत आणि मजकूर मराठीत. इथल्या बऱ्याच मराठी घरांत असंच आहे. देवनागरी कुणी शिकवली नाही, मग भाषा घरची आणि अक्षरं शाळेतली. ती वही मला वाचता यायची नाही, म्हणून त्या वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण करायच्या.

"या एकाच दारांतून चार्जर पण जातो, टीव्हीची वायर पण जाते, पेन ड्राइव्ह पण? जेवण आणि पाहुणे एकाच दारानें?"

"हो टीचर, नवीन लॅपटॉपना तशीच दारं असतात."

"रॅम वाढवतां येते काय?"

"नाही. ती आत कायमची चिकटवलेली असते. आहे तेवढीच."

"अय्यो. म्हणजे आमच्या पोरांहून वाईट. त्यांचें डोकें वाढवतां येतें."

एकदा विचारलं, "बोट लावलें कीं उघडतो म्हणतोस. हळदीचें बोट ओळखतो काय?" मी सवयीनं म्हणालो, चालेल. त्यांनी पिशवीतून हळदीची पुडी काढली, बोटाला चोळली आणि टेकवली. लॅपटॉपनं त्यांना ओळखायला साफ नकार दिला. मी दहा मिनिटं ते काळं चौकोनी बटण पुसत बसलो आणि त्यांनी शांतपणे वहीत 'नाहीं' लिहिलं.

तुम्हीही दुकानात अशी गिऱ्हाइकं पाहिली असतील. दुरून दिसली की आपण आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. मीही जायचो. पण टीचर शाळेचा प्रोजेक्टर टाउन बसमधून मांडीवर घेऊन आल्या, तेव्हा मला बाहेर यावंच लागलं. त्यांच्या मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि टीचरांनी भिंतीवर चित्र पडेपर्यंत कुणालाही पुढे सरकू दिलं नाही. चित्र पडल्यावर त्या चौघांनीच टाळ्या वाजवल्या. मुदलाळी म्हणाले, या बाईंना पगार देऊन ठेवायला पाहिजे.

मग तो पांढरा डबा आला.

कानातल्या श्रवणयंत्राचा आवाज किती ठेवायचा, कुठला वाढवायचा, हे संगणकावरून ठरवावं लागतं. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये एक डबा लागतो. शाळेचा डबा जुना होता, नऊ पिनांच्या रुंद तोंडाचा. शाळेचा जुना संगणक पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, बंद पडला होता आणि तेव्हापासून एकाही मुलाचं यंत्र जुळवलेलं नव्हतं. जुळवणारे डॉक्टर तिरुचीहून दोन महिन्यांतून एकदा यायचे. ते आता सोमवारी येणार होते.

"हा डबा या लॅपटॉपाशीं बोलेल काय?"

"चालेल, टीचर. मधे एक वायर लागेल फक्त." मी वायर मागवली. तोंडाला तोंड बसलं. सॉफ्टवेअरही छान उघडलं. आणि शेवटी पडद्यावर एकच ओळ आली, डबा सापडला नाही.

तीन दिवस मी झटत होतो. वायर बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, इंटरनेटवर लोकांच्या प्रश्नोत्तरांत तासन् तास घालवले. गुरुवारी टीचर आल्या तेव्हा मी तोंड वर करू शकलो नाही. त्या ओरडल्या नाहीत. शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मला सेल्वीबद्दल सांगितलं.

सेल्वी आठ वर्षांची. वडील कालव्याकाठच्या गावात नारळाच्या बागेत कामाला. ते तिला रोज मोपेडवरून शाळेत आणून सोडायचे. तिचं यंत्र पोंगलच्या आधी जुळवलेलं, कान त्यानंतर आणखी उतरलेले. यंत्र घालून काही कळेना, म्हणून तिनं ते खिशात ठेवायला सुरुवात केली होती. वडिलांनी टीचरांना सांगून टाकलं होतं की यंत्र घालूनही पोरगी ऐकत नसेल, तर रोजची फेरी कशाला? राहील घरी, आईला मदत करील.

"सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली मीं," टीचर म्हणाल्या. "सोमवारीं यंत्र जुळलें नाहीं तर मंगळवारीं ती येणार नाहीं. एकदां घरीं बसलेली मुलगी परत येत नाहीं रे. मीं पाहिलें आहे."

मला लाज वाटली. इतके दिवस मी त्यांना कटकट समजत होतो. एक शब्द मी किती सहज वापरतो, आणि त्या शब्दावर कुणाची शाळा अवलंबून असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी टीचर आल्या नाहीत. त्यांची पिवळी पिशवी घेऊन एक ऑटोवाला आला. टीचरांना ताप भरला होता. पिशवीत वही होती आणि निरोप होता की सगळं यात लिहिलं आहे, वाचून बघ.

आता वाचणार कोण? मला अक्षरं येईनात. मुदलाळींना अक्षरं येत होती, पण भाषेचा गंध नव्हता. मग मुदलाळींनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि देवळातल्या गुरुजींच्या गंभीरपणानं वाचायला सुरुवात केली. त्यांना एक शब्दही कळत नव्हता. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि मला सगळं कळत होतं. दुकानात आलेला एक कॉलेजचा प्रोफेसर हे बघून आल्या पावली परत जायला निघाला होता. त्याला मी हातानंच बसवलं.

वहीत काय नव्हतं! मुलांचे वाढदिवस. आंबट सारात किती चिंच घालायची. कुठल्या मुलाचं कुठलं यंत्र, कधी दिलेलं. मग एका पानावर मुदलाळींनी खड्या आवाजात वाचलं, "बार्शीचा मुलगा चांगला. जेवतो कमी. पण पाहावें तेव्हां चालेल चालेल म्हणतो, त्याची सवय मोडली पाहिजे."

मुदलाळी थांबले. "बार्शी म्हणजे तुझं गाव ना? काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "पुढे वाचा."

दुपार होत आली तेव्हा ते पान आलं. जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा टीचरांनी त्याच्या पडद्यावर दिसेल ते सगळं उतरवून ठेवलं होतं. इंग्रजी शब्द तसेच चित्रासारखे काढलेले, खाली आपली टीप. मुदलाळी वाचत होते, "डबा दोन नंबरच्या दारांत बसतो. मागें एकदां दुरुस्तीवाल्यानें दार बदललें, तेव्हां डबा मुका झाला. परत दोन केलें, तेव्हां बोलला."

मी ताडकन उठलो. मुदलाळींचा चष्मा पडला.

प्रत्येक जोडणीला संगणक एक क्रमांक देतो. नव्या लॅपटॉपनं या वायरला नऊ क्रमांक दिला होता, आणि ते जुनं सॉफ्टवेअर चाराच्या पुढे बघतच नव्हतं. डबा ठीक होता, वायर ठीक होती, लॅपटॉपही ठीक होता. इतके दिवस मी सगळीकडे शोधलं आणि जिथे बघायचं तिथे बघितलं नाही. नऊचे दोन केले. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. पडद्यावर हिरवी खूण आली.

मुदलाळी असे ओरडले की समोरचा फुलवाला धावत आला. त्याला, प्रोफेसरांना, मला, सगळ्यांना फिल्टर कॉफी आली. मी टीचरांना फोन लावला.

"टीचर, चालतंय!"

पलीकडे जरा वेळ खोकला ऐकू आला. मग, "थांब. येतें."

अंगात ताप असताना, कानाला शाल गुंडाळून, त्या ऑटोतून आल्या. त्यांनी स्वतः वायर काढली, स्वतः लावली. हिरवी खूण. पुन्हा काढली, पुन्हा लावली. हिरवी खूण. तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद करून उघडायला लावला. मग म्हणाल्या, "सरि, ठीक. चालतें." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्या दुकानासमोर. मी त्यांच्यासाठी कॉफी आणायला गेलो.

आता टीचर तंजावुरात नाहीत. गुडघे फारच धरले, तेव्हा त्या मुलीकडे मदुरैला राहायला गेल्या. दुकानात कुणी उत्तर वहीत उतरवून घेत नाही, आणि मी गिऱ्हाइकाला वस्तू लावून दाखवल्याशिवाय पैसे घेत नाही. त्यांची आठवण आली की मला त्या सोमवारच्या टीचर दिसतात.

मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, लॅपटॉप रुसला तर जवळ कुणीतरी असावं म्हणून. खोलीत डॉक्टर होते, सेल्वी होती, आणि दारात तिचे वडील मोपेडची किल्ली हातात धरूनच उभे होते. डॉक्टर पडद्यावरच्या रेघा वर-खाली करत होते. सेल्वी खाली बघत बसली होती. एवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहिला आणि खोली अगदी शांत झाली.

सेल्वीनं मान वर केली. तमिळमध्ये, तिच्या जरा अडखळत्या आवाजात तिनं विचारलं, "टीचर, ते काय वाजतंय?"

टीचरांनी कान दिला. "काही नाही वाजत, कण्णा," त्या लाडानं म्हणाल्या.

"वाजतंय. थांबून थांबून वाजतंय."

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कान टवकारले. मागच्या खोलीत, बंद पडलेल्या संगणकाचा यूपीएस अजून जोडलेला होता, आणि वीज गेल्यामुळे तो बारीक आवाजात टी... टी... करत होता. मी तसं सांगितलं. टीचर उठून आत गेल्या, यूपीएसला अगदी कान लावून उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्या. डॉक्टर हळूच म्हणाले, वय झालं की हे बारीक आवाज आधी जातात.

मला वाटलं, टीचरांना वाईट वाटेल. कसलं वाईट! त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "मला ऐकू येत नाही ते हिला ऐकू आलं!" त्या सेल्वीच्या वडिलांना तमिळमध्ये ओरडून म्हणाल्या. "माझ्याहून हिचे कान तिखट!" आणि पदर खोचून, गुडघे विसरून, त्या वर्गावर्गांत ही बातमी सांगत सुटल्या, तोंडानंही आणि हातवाऱ्यांनीही.

डॉक्टरही हसत त्यांच्या मागे गेले. सेल्वी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. टीचरांचा आवाज आता लांबच्या वर्गातून येत होता. तिच्या वडिलांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, घसा साफ केला आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता आणायचं हिला?"

मी तमिळ शब्द जुळवत होतो. तेवढ्यात खिडकीतून बाहेर बघता बघता, मागे न वळताच, सेल्वी म्हणाली, "नऊ वाजता, अप्पा."