नायकाचं औक्षण

ग्रीक वीरांचा मला आता वीट आलाय. इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला माझी मुलगी शाळेत ग्रीक शिकते. त्या जुन्या कथांत आजचं काय दिसतं, यावर तिला वर्गात बोलायचं होतं. तिनं निवडलेला राजपुत्र एका राजकन्येनं दिलेल्या दोऱ्याच्या आधारानं भुलभुलैयातून जिवंत सुटतो, तिला बरोबर घेऊन निघतो आणि वाटेतल्या बेटावर ती झोपलेली असताना जहाज घेऊन पसार होतो. घरी जयजयकार त्याचाच.

“आई, धिस इज टोटली मावशी,” मुलगी म्हणाली.

मावशी म्हणजे माझी मैत्रीण. तिचा नवरा इथे आला तो तिच्या नोकरीच्या परमिटवर. त्याचा सीव्ही तिनं लिहिला, इंटरव्ह्यूची तयारी तिनं करून घेतली, आपल्याच कंपनीत त्याला चिकटवलं. साहेब मॅनेजर झाले आणि यंदाच्या उन्हाळ्यात तिला सोडून रॉटरडॅमला दुसरीबरोबर राहायला गेले.

आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत सत्कार कुणाचा, तर या महाशयांचा! स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस, म्हणे. मैत्रिणीला बोलावलंच नव्हतं, ‘ऑकवर्ड होईल’ म्हणून. त्यानं भाषणात आईवडिलांचे, बॉसचे, अगदी सायकल शिकवणाऱ्या शेजाऱ्याचेही आभार मानले. तिचं नावसुद्धा नाही. मग शाल झाली, नारळ झाला आणि अध्यक्षांनी निरांजनाचं तबक माझ्या हातात दिलं.

“वहिनी, औक्षण तुम्ही करा.”

तो टोपी सावरत, मान पुढे करून उभा. मला शिसारी आली.

“याला इथे जिनं आणलं तिला बोलवा, मग ओवाळते.”

“अहो, ते त्यांचं पर्सनल आहे,” अध्यक्ष कुजबुजले.

मी तबक टेबलावर ठेवलं. दुसऱ्या एकीनं ते हसत उचललं, त्याला कुंकू लावून ओवाळलं, टाळ्या पडल्या, आणि सगळे चकल्यांवर तुटून पडले. निर्लज्ज मेले.

फोटो लगेच मंडळाच्या ग्रुपवर आला. त्याखाली पहिलं ‘हार्दिक अभिनंदन’ माझ्या मैत्रिणीचं, फुलांच्या गुच्छासकट. मी तणतणत हॉलबाहेर, सायकलींपाशी गेले आणि तिला फोन लावला.

“त्याचं अभिनंदन करतेस? तुला काही वाटतं की नाही?”

“नाही केलं तर जळते म्हणतील,” ती शांतपणे म्हणाली. “तो गेला गं. मला अजून याच लोकांत राहायचंय.”