नावेच्या इंजिनाचा भोंगा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामीने मला बजावलं आहे. पण मामी गिरणीत गेली आहे आणि तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही. तेव्हा ऐका, माझी कशी फजिती झाली ते!

आमचा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, नवा, पण वाट्याला आलं सगळं जुनं. जुनी कपाटं, जुनी जीप आणि आमच्या तलावाला एक जुनी सरकारी नाव, मागे इंजिन लावलेली. ती दिगूमामा चालवतो. पण दुष्काळाने तलाव इतका आटला, की नाव चिखलात बसली आणि इंजिन आमच्या अंगणात आलं.

त्या इंजिनाला धोक्याचा भोंगा आहे. इंजिन तापलं की तो बोंबलतो. आत गाळ अडकला म्हणून तो सारखाच बोंबलायचा. मामाने गाळ काढला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब इंजिन तपासायला येणार होते. भोंगा वाजला, तर इंजिन भंगारात आणि मामा घरी!

मामाने बैलगाडीतून तलावाचं पाणी आणून ड्रम भरला, इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा दांडा, त्यात बुडवला आणि ते सुरू केलं. ते खालून पाणी ओढतं, गार होतं आणि मागच्या भोकातून बारीक धार सोडतं. धार परत ड्रममध्येच पडत होती. पण मला वाटलं, भरलेल्या ड्रमात आणखी पाणी कशाला?

मी गुपचूप घागर लावली. भरली, म्हशीच्या हौदात ओतली. पुन्हा लावली.

भिंतीवरून शेजारच्या शेवंताकाकूने पाहिलं. "आगं, नळ आलाय व्हय?"

मी पडले लाजाळू. नुसती मान हलवली. कशी हलवली, ते मलाही आठवत नाही. काकूला मात्र 'हो' दिसलं. बघता बघता घागरींची रांग लागली!

आणि भोंगा बोंबलला. पोंऽऽऽ!

मामा पुढच्या बाजूला, इंजिनाचं टोपण काढून आत डोकं घालून बसलेला. "गाळ तर काढला की!" त्याने तेल पाहिलं, वायरी पाहिल्या.

गल्लीतले तात्या म्हणाले, "दिगू, लिंबू-मिरची बांध."

"थांबा हो तात्या! हितं माझी नोकरी चाल्लीय!"

पुन्हा सुरू. पुन्हा पोंऽऽऽ!

तेवढ्यात शेवंताकाकू कडाडली, "दिगूभाऊ, धार का बंद केली? माझा नंबर हाय!"

मामा मागे आला. घागरी पाहिल्या. ड्रममध्ये वाकला. तळाशी एका बेडकापुरतं पाणी!

"हे कुणी सुरू केलं?"

सगळ्या बायकांची बोटं एकदम माझ्याकडे. पाण्याच्या रांगेत एवढी एकी मी पहिल्यांदाच पाहिली.

सगळ्यांनी पाणी परत ओतलं, एक म्हैस सोडून. भोंगा गप्प झाला. मामाने मला ड्रमच्या राखणीला बसवलं. "कुणी हात लावला तर वरडायचं. लाजायचं न्हाई!"

सकाळी साहेब आले. हाताला वंगण लागलं म्हणून त्यांनी सहज ड्रमात तांब्या बुडवला. आणि वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए! पाणी ठेव!"

मामा पांढराफटक.

मग तो हळूच म्हणाला, "साहेब, इंजिनाचा भोंगा नीट झालाय. ह्यो दुसरा हाय. पाणी कमी झालं की वाजतो."

साहेब हसत सुटले. इंजिन राहिलं, मामाही राहिला. पण मी? आता शाळेत हजेरीला माझा नंबर आला, की मागच्या बाकावरच्या पोरी सगळ्या मिळून...

"आगं ए! कुणाशी बोलायलीस? टँकर आलाय, घागर घे!"

आले मामी! तर पोरी सगळ्या मिळून... पोंऽऽऽ!