एका काठीचा फरक

आमच्या सेंटरची जिम आवरताना रोज काहीतरी सापडतं. बॉलपूलच्या तळाशी एकटाच मोजा, गादीखाली क्लिप, एकदा तर पायाचा अख्खा स्प्लिंट! किश्श्यांचंही तसंच आहे. ते कुणी गोळा करत नाही, साचत जातात. मी दुबईत लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. पोराचा पाय हातात घेऊन ताणत बसायचं हे माझं काम, आणि पाय असा दुसऱ्याच्या हातात असला की माणसाचं तोंड सुटतं. डॉक्टरला जे सांगत नाहीत ते आईबाप मला सांगतात. पोरं तर विचारूच नका.

मैत्रिणी म्हणतात, "एखादा मजेशीर सांग गं." म्हणजे हमखास मेलिसा. तिचे सगळ्यात जास्त साचलेत. सुरुवातीचे हसवतात, म्हणून तिथूनच सुरू करते.

*

मेलिसा चार वर्षांची असताना आमच्याकडे आली. मूळची वसईची मंडळी. पप्पा, म्हणजे पास्कल, हॉटेलात बँक्वेटला. आई लविना जेएलटीतल्या एका ऑफिसात रिसेप्शनला. घर इंटरनॅशनल सिटीत. पोर वेळेच्या फार आधी जन्मली, मेंदूला इजा झाली, सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, गुडघे एकमेकांना चिकटलेले, टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. डोकं मात्र आम्हा सगळ्यांना विकून खाईल असं!

आमचे सीनियर हानी, इजिप्तचे. पहाडासारखा माणूस, आणि दर वाक्याला अरबीतलं 'चला', म्हणजे "यल्ला!" पॅरलल बारमध्ये पोर उभं केलं की "यल्ला, हबीबती, यल्ला!" आठवडाभराने मेलिसाने रिसेप्शनला विचारलं, "इज अंकल यल्ला इन टुडे?"

तिला ते त्यांचं नावच वाटलं होतं. त्या दिवसापासून हानी आमच्या सेंटरचे अंकल यल्ला झाले. एकदा एका नव्या पेशंटच्या बापाने अगदी अदबीने हात पुढे केला, "गुड मॉर्निंग, डॉक्टर यल्ला!"

*

मेलिसाला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. पास्कल हट्टाने तिच्याशी मराठीच बोलायचा. जिममध्ये ती वॉकर धरून उभी राहिली की, "चाल, मेलू, चाल." सेशन संपलं की बॅग खांद्याला लावून दारात, "चल, मेलू."

एक दिवस तिने मला विचारलं, "मिस, व्हाय डज ही से द सेम थिंग ऑल द टाइम?"

"सेम नाही गं. एक चाल, एक चल."

तिच्या कानाला फरकच कळेना. मग मी फळ्यावर दोन्ही लिहिले. एकात काना, एकात नाही. म्हटलं, "हे बघ, मध्ये ही उभी काठी आहे ना, तो चाल. म्हणजे पायाने चालायचं. काठी नाही तो चल. म्हणजे नुसतं निघायचं, सोबत."

तिने फळ्याकडे पाहिलं, मग आम्ही नुकत्याच तिच्या हातात दिलेल्या काठीकडे पाहिलं.

"सो द वन विथ द स्टिक इज मी!"

पास्कल एवढा हसला की शेजारच्या गादीवरचं बाळ रडायला लागलं.

*

काठीवर आल्यावर तिला वाटलं, आता पळणार. हानींना विचारलं, "अंकल यल्ला, विल आय रन?"

हानी म्हणाले, "इन्शाल्ला, हबीबती." म्हणजे देवाच्या मनात असेल तर.

"ओह." तिचा चेहरा उतरला. "सो, नो."

"नो? व्हाय नो?"

"आय आस्क पप्पा फॉर अ डॉग, ही सेज इन्शाल्ला. आय आस्क फॉर बेबी ब्रदर, मम्मी सेज इन्शाल्ला."

हानी पँट्रीत गेले. बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी आले आणि म्हणाले, चहा फार गरम होता. आमच्या पँट्रीतलं चहाचं मशीन तेव्हा बंद पडलेलं होतं.

*

मग आठव्या वर्षी तिचं फर्स्ट होली कम्युनियन आलं, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा. मला आग्रहाचं आमंत्रण होतं. सगळ्या मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये रांगेने वेदीपर्यंत जाणार. पास्कलने मला आधीच विचारून ठेवलं होतं, "मॅडम, ती पडणार नाही ना?" मी म्हटलं, पडली तर उठेल, तेही शिकवलंय. तिला वेदीपर्यंत स्वतःच्या पायाने जायचं होतं, आणि पास्कलला तिच्याहून जास्त.

गेली. काठी टेकत, टाच आधी टेकवत, जिभेचं टोक दातांत धरून. पुढच्या मुली कधीच आपापल्या जागेवर पोचल्या होत्या. मागे संध्याकाळच्या शारजा रोडसारखी रांग तुंबलेली. फादर हातात होस्ट, म्हणजे प्रसादाची चकती, धरून थांबलेले. अख्खं चर्च चिडीचूप. एकदाची ती पोचली, मान वर केली आणि म्हणाली,

"सॉरी फादर. ट्रॅफिक."

फादरना हसू आवरेना. लविना तोंडाला रुमाल लावून हसत होती. पास्कल मात्र बाकावर वाकून ओक्साबोक्शी रडत होता. नंतर मला म्हणाला, "मॅडम, माझी पोरगी चालली. आता मला देवाकडून काही नको."

मला तेव्हाच धस्स झालं होतं. कारण पुढे काय येतं ते मी बघितलेलं होतं.

*

पुढे आली उंची. बाराव्या वर्षी मेलिसा सरसर वाढली. पास्कल पेढे घेऊन आला, "बघा मॅडम, माझ्यावर गेली!"

आता त्याला कसं सांगायचं? अशा मुलांची हाडं वाढतात, आखडलेले स्नायू मागे राहतात. अंगाचं वजन वाढतं. गुडघे वाकायला लागतात, आणि आठव्या वर्षी चालणारं पोर तेराव्या वर्षी दमून जातं. यात कुणाची चूक नसते, कुणाचा व्यायाम कमी पडलेला नसतो. इंजेक्शनं, प्लास्टर, नवे स्प्लिंट, सगळं करायचं, आम्ही केलंही. पण काहींच्या बाबतीत ते पुरत नाही.

मी हे सगळं हळू आवाजात सांगितलं. पेढ्यांचा बॉक्स त्याच्या मांडीवर तसाच उघडा. मग तो म्हणाला,

"मग मॅडम, तिचं जेवण थोडं कमी करू का?"

*

एकदा पाय ताणताना मेलिसा छताकडे बघत म्हणाली, "मिस, यू नो, आय इट लंच इन द कॉरिडॉर."

"का गं?"

"बाय द टाइम आय वॉक टू द कँटीन, ब्रेक इज खलास."

रोज ती निघायची, अर्ध्या वाटेत घंटा व्हायची, आणि तिथेच भिंतीला टेकून डबा उघडायची. घरी सांगितलं नव्हतं. पप्पाला वाईट वाटेल म्हणून. मग तिने हळूच विचारलं, "कॅन आय हॅव अ व्हीलचेअर? नॉट इन्शाल्ला. फॉर रिअल."

लविनाला मी बाजूला घेऊन सांगितलं. ती नुसती म्हणाली, "मला ठाऊक होतं. डबा अर्धा परत यायचा."

पास्कल मात्र भडकला. "तुम्हीच तिला उभी केलीत ना? आणि तुम्हीच बसवता? खुर्ची माझ्या घरात येणार नाही, खलास!" मी समजावलं, घरात चालेल ती, व्यायामही चालू राहील, खुर्ची फक्त लांबच्या अंतरासाठी. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. तो रागाने बोलत होता आणि हाताने तिची काठी कुरवाळत होता. त्याच्यावर उलटून रागवायला मला जमलं नाही. मलाही रडूच येत होतं.

शेवटी खुर्चीच्या फॉर्मवर लविनाने सही केली. पास्कलने सेंटरला येणंच सोडलं.

*

खुर्ची आली, लाल रंगाची. हानींनी माप बघितलं, ब्रेक शिकवले आणि नेहमीसारखं ओरडले, "यल्ला!"

मेलिसा जी सुटली ती थेट कॉरिडॉरच्या टोकाला! तिथून वळणावर दिसेनाशी झाली. लांबून सिक्युरिटीवाल्याचा आवाज आला, "अरे बेबी! धीरे! धीरे!"

परत आली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल.

"मिस! मिस! समवन टोल्ड मी टू स्लो डाउन!"

हानी पुन्हा पँट्रीत गेले. या वेळी मीही त्यांच्या मागोमाग.

*

आणि मग एका संध्याकाळी पास्कल आला. लविनाला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून. जिममध्ये शिरला नाही, दारातच उभा. दाढी वाढलेली. मेलिसाचं सेशन संपलं, ती बारमधून दोन पावलं चालून खुर्चीत बसली, पाय नीट ठेवले. त्याने बॅग घेतली, काठी घेतली. खुर्चीकडे बघायचं टाळत होता.

आता इतकी वर्षं म्हणत आला ते म्हणायची वेळ. "च..." म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "ते... निघू या का?" मग, "म्हणजे... घरी जाऊ या का, मेलू?" त्यालाच ते परकं वाटलं असावं. हातातली काठी घट्ट धरून तो तसाच उभा राहिला. हानी, मी, सगळे कामात असल्यासारखं दाखवत होतो.

मेलिसाने ब्रेक सोडला, खुर्ची त्याच्या शेजारी आणली. त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि आपल्या मांडीवर आडवी ठेवली. मग जन्मात त्याला मराठीत उत्तर न दिलेली ती पोर म्हणाली,

"पप्पा, चल."

आणि तो हलला नाही तेव्हा हळूच, "नॉट द स्टिक वन."