अझानच्या वेळची खुर्ची

वजीह हद्दादीन अकरा वर्षं रमजानात संध्याकाळचं जेवण घरी जेवला नव्हता. आणि रोजे त्याचे नव्हतेच, हे विशेष. तो ख्रिस्ती. अम्मानमधल्या त्या घरपोच जेवण आणि मिठाई पाठवणाऱ्या कंपनीत ॲपचे सर्व्हर सांभाळणारे बाकीचे सगळे मुसलमान. संध्याकाळची अझान व्हायच्या आत रोजा सोडायला त्यांना घर गाठायचं असायचं. "अबू तालीन, तुमचा काही रोजा नाही, तेवढा तासभर बघा ना," असं पहिल्या वर्षी कुणीतरी त्याला म्हणालं. तेवढा तासभर अकरा वर्षं चालला.

काम काय, तर हाताने सर्व्हर वाढवायचे आणि कमी करायचे. सूर्य कलला की अख्खं शहर ॲपवर तुटून पडे, वजीह आठाचे चाळीस करी. अझान झाली की शुकशुकाट. नवख्याला वाटेल, आता कशाला हवेत चाळीस? वजीह हलवायचा नाही. वीस मिनिटांनी पोटं भरली की लोक कतायफ, ती रमजानातली गोड करंजी, मागवायला परत येणार, आणि नवा सर्व्हर उभा राहायला पाच मिनिटं खातो, हे त्याला ठाऊक होतं. पाठ गेली, डोळे गेले, घरी बायकोने, नजलाने, झाकून ठेवलेलं ताट रोज गार झालं. लेक तालीन, जिच्यावरून सगळे त्याला अबू तालीन, म्हणजे तालीनचा बाप म्हणत, तेव्हा सात वर्षांची होती. आता अठराची, ईद झाली की जर्मनीला शिकायला निघायची होती.

यंदा त्याने हात टेकले. "फिरास, मला आता होत नाही," तो साहेबाला म्हणाला.

फिरास त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण कटकट नको असलेला. "मग ऑटोवर टाकू. गर्दी बघून यंत्रणाच वाढवेल, कमी करेल. नियम तुम्ही लिहा. पण महिनाभर हात लावायचा नाही हं. एकदा जरी लावलात तर वरचे म्हणतील, बघा, माणूस लागतोच. मग पुढच्या वर्षी परत तुम्हीच."

वजीहने नियम लिहिले. अझाननंतर चाळीस मिनिटं एकही सर्व्हर कमी करायचा नाही, हा त्यातला पहिला. अठ्ठावीस दिवस सगळं सुरळीत गेलं. तरी हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी ऑफिसात मांडीवर हात ठेवून बसलेला.

"हात लावायचा नाही तर बसतोस कशाला?" नजला वैतागली. "तू बघतोयस म्हणून ते जास्त चालणार आहे का?"

एकोणतिसाव्या दिवशी तालीनचं निरोपाचं जेवण होतं, तेव्हा कुठे तो घरी आला. ईस्टरच्या आधीचे त्यांचेही उपवास चालू होते, म्हणून मटण नाही. नजलाने भरपूर तळलेला कांदा घालून मुजद्दरा, म्हणजे मसूर घातलेला भात केला होता. टीव्हीवर सगळे चंद्राची वाट बघत होते. दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा.

पहिला घास घेताना वजीहच्या लक्षात आलं आणि घास तोंडातच राहिला. आज लोक वीस मिनिटांनी परत येणार नव्हते. ते टीव्हीसमोर बसून होते. बातमी आली की सगळे एकदम ईदची मिठाई मागवायला येणार. दर वर्षी या एका संध्याकाळी तो बातमी येईपर्यंत चाळीसच्या चाळीस धरून ठेवायचा. नियमात लिहायचं सुचलंच नाही. आपण श्वास घेतो हे कोण लिहून ठेवतं?

त्याने फोन बघितला. चाळीस मिनिटं उलटली होती. यंत्रणेने इमानदारीत चाळिसाचे दहा केले होते.

लॅपटॉप आतल्या खोलीत होता. दोन मिनिटांचं काम. तो अर्धा उठला.

"जा, जाऊन ये," तालीन म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. "आम्हाला सवय आहे."

तो खाली बसला. इतकं लागलं त्याला ते. टीव्हीवर जाहीर झालं, उद्या ईद. ॲप बारा मिनिटं बंद पडलं, मग यंत्रणेने आपलं आपण सर्व्हर वाढवले आणि गाडी रुळावर आली. वजीह जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. फोन कधी वाजतोय याचीच तो वाट बघत होता. वाजला नाही.

सकाळी न राहवून त्यानेच फिरासला फोन लावला. ईदच्या शुभेच्छा दिल्या आणि म्हणाला, "काल बारा मिनिटं..."

"हो, पाहिलं मी. लोकांना वाटलं असेल नेट गेलं. परत दाबलं असेल. तुम्ही हात लावला नाहीत ना? मग झालं. वर्षातून बारा मिनिटं चालतात हो."

"आधीच्या वर्षांत असं झालं असतं तर?"

"तेव्हाही चाललं असतं," फिरास म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता बिचाऱ्याला.

वजीहने फोन ठेवला. तीनशेच्या वर संध्याकाळी. रागवायचं तरी कुणावर? पलीकडे तालीन बॅग भरत होती, तो जाऊन तिच्या दारात उभा राहिला.

"कुणाशी बोलत होतास, बाबा?"

"साहेबाशी. म्हणतो, इतकी वर्षं मी बसलो नसतो तरी चाललं असतं."

तालीनने हातातला स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. तिला काही लपवायचं नव्हतं आता.

"आम्हाला नव्हतं चालत," ती म्हणाली.